डावीकडे सरकणारी खूण

चांगह्वा, १२ फेब्रुवारी

रुंग-चांग,

मेसेज पाठवला की खाली 'वाचलं' असं उमटतं आणि त्यापुढचं तुझं गप्प बसणं मला दिसत राहतं. कागदाचं बरं असतं. पोचलाच नसेल, अशी समजूत काढून घेता येते. म्हणून हे पत्र, आणि तेही कारखान्याच्या पत्त्यावर. समुद्रापलीकडे, चीनमधल्या तुंग्वानच्या घराचा पत्ता तू कधी दिला नाहीस, मीही मागितला नाही. का मागितला नाही ते विचारू नकोस.

काल कंदिलांचा सण झाला, म्हणजे नवं वर्ष रीतसर पार पडलं. वर्षाच्या शेवटच्या जेवणाला बाबांनी दरवर्षीसारखी तुझी वाटी मांडली, चॉपस्टिक्स सरळ ठेवल्या आणि माशाचा मधला तुकडा तुझ्या वाटीत घातला. मी म्हटलं, "बाबा, गार होतोय, खाऊन टाकू का मी?" तर म्हणाले, "सुनेनं दुसऱ्याच्या वाटीत बघू नये." पाच वर्षं तू त्या जेवणाला नाहीस आणि पाच वर्षं मी तो तुकडा दुसऱ्या दिवशी भाताबरोबर गरम करून खाते आहे.

बाबांची संध्याकाळची फेरी अजून चालू आहे. रेल्वेच्या इंजिनात जन्म गेला, तिथली सवय जाईल कशी. जे तपासायचं त्याच्याकडे बोट करायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, म्हणजे नजर चुकत नाही. "गॅस, बंद." "मागचं दार, कडी लावली." "थोरल्या बाईंचा दिवा, चालू." थोरल्या बाई म्हणजे तुझी आई, तसबिरीतली. आणि सगळ्यात शेवटी चपलांच्या मांडणीकडे बोट: "रुंग-चांगच्या सपाता, जागेवर. रुंग-चांग, यायचा आहे." चपला-बुटांच्या कारखान्याचा मॅनेजर तू, आणि स्वतःच्या सपाता मात्र इथं दाराशी धूळ खात पडल्यात. हल्ली बाबांची ही फेरी लांबते. गॅसपाशी दोनदा जातात, कधी तीनदा.

डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे. हळूहळू जाईल. काय जाईल ते त्यांनी सांगितलं नाही.

माझं काम काय आहे हे तू कधी विचारलं नाहीस, तरी सांगते, कारण बाबा आता त्यात आलेत. ताइचुंगच्या विद्यापीठात मी जिथं मदतनीस आहे, तिथं लोकांच्या डोक्यावरचं ओझं मोजतात. हसू नकोस. माणसाला पडद्यासमोर बसवायचं. एकेक आकडा दिसतो आणि जातो. आत्ताचा आकडा आधीच्यासारखाच असेल तर बटण दाबायचं. हे कुणालाही जमतं. मग म्हणायचं, आता आधीच्याच्या आधीचा लक्षात ठेवा. मग त्याच्याही आधीचा. म्हणजे नवं घेत राहायचं आणि जुनं धरून ठेवायचं, दोन्ही एका वेळी. चांगली शिकलेली-सवरलेली पोरं तिसऱ्या फेरीला घामाघूम होतात. प्रत्येक फेरी संपली की मी त्यांच्यापुढं एक कागद ठेवते. त्यावर आडव्या रेघा असतात. डोक्याला किती ताण पडला, घाई किती झाली, किती जोर लावावा लागला, आपल्या हातून किती बिघडलं, किती वैतागलात. रेघेचं डावं टोक म्हणजे काहीच नाही, उजवं म्हणजे फार. वाटेल तिथं खूण करायची.

त्या वेळी मला एकच वाक्य बोलायची मुभा आहे: "यात चूक-बरोबर काही नाही, तुम्हाला जसं वाटलं तसं." शाबास म्हणायचं नाही, राहू द्या म्हणायचं नाही, रडायला लागला तरी पाठीवरून हात फिरवायचा नाही. मला हे काम चांगलं जमतं. तुझ्या घरात शिकले आहे.

यंदाचा अभ्यास निवृत्त इंजिनचालकांवर आहे. दर दोन-तीन महिन्यांनी एकदा, वर्षभर. बाबांनी माझ्या पिशवीतला सूचनेचा कागद वाचला आणि नाव देऊन टाकलं. माझ्या घरचं माणूस म्हणून मी त्यांना बसवू शकत नाही, ते क्वो मॅडम बघतील. मॅडम प्राध्यापक आहेत, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, आणि मला ताई म्हणतात.

थडगी साफ करायच्या सणाला ये. बाबा तुला ओळखतात तोवर ये. एवढंच मागणं आहे, त्यासाठी इतकी पानं लागली.

बी-श्या


चांगह्वा, ६ एप्रिल

रुंग-चांग,

तू 'बघतो' म्हणाला होतास. ते कशाचं दुसरं नाव आहे हे मला माहीत आहे, बाबांना नाही.

परवा सकाळी मी थडग्यावर न्यायचं सामान बांधत होते आणि बाबा घरात नव्हते. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि जुनी टोपीही नव्हती. मी सरळ स्टेशनवर गेले. दोन नंबरच्या फलाटावर उभे होते. गाडी आली की एकेका डब्याकडे बोट दाखवत होते. "डबा एक, नाही. डबा दोन, नाही." शेवटचा डबा झाला की घड्याळ बघायचे आणि पुढच्या गाडीला परत पहिल्यापासून. स्टेशनच्या लोकांनी जुना माणूस म्हणून हटकलं नाही, उलट एक स्टूल आणून दिलं होतं. त्यावर ते बसले मात्र नाहीत.

"चला बाबा, ऊन चढलं."

"गाडी लेट आहे," ते म्हणाले. आयुष्यात त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. दुसऱ्याची गाडी लेट असली तरी ते 'अजून वेळ झाली नाही' म्हणायचे.

डोंगरावर आम्ही दोघंच गेलो. गवत मी कापलं. आम्हा दोघांच्या कागदांशेजारी तुझ्या नावचाही कागद बाबांनी थडग्यावर दगडाखाली ठेवला आणि आईला सांगितलं की रस्त्यात आहे.

मार्चमध्ये त्यांची पहिली बैठक झाली. त्यात एक गंमत झाली ती सांगते, नाहीतर म्हणशील ही बाई नुसती रडगाणं गाते. बाबा बाहेर आले ते शर्ट पाठीला चिकटलेला, कपाळावर घाम. आणि कागदावर सगळ्या खुणा डाव्या टोकाला. काही ताण नाही, काही जोर नाही, काही वैताग नाही. क्वो मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बी-श्याताई, आलेले सगळे जुने चालक असंच करतात. धापा टाकतात आणि लिहितात काही नाही. मी काय मोजू?"

स्टेशनसमोर बा-वान खाताना मी बाबांना विचारलं. त्यांनी आधी वाफाळतं सारण फुंकून घेतलं.

"थकलो असं लिहिलं की गाडीवरून उतरवतात," ते म्हणाले. "एकदा मी खरं सांगितलं होतं, झोप झाली नाही म्हणून. महिनाभर यार्डात डबे मोजत बसलो. तेव्हापासून कुणीही विचारलं तरी एकच उत्तर. ताजातवाना."

"बाबा, तिथं गाडीच नाही. उतरवणार कशावरून?"

त्यांनी तोंडातला घास संपवला. मग म्हणाले, "हे आधी सांगायला हवं होतं तुझ्या मॅडमनी."

आता मॅडम प्रत्येक चालकाला आधी तेच वाक्य सांगतात: इथं कुणाला गाडीवरून उतरवत नाहीत. बाबांना परत बोलावलं तेव्हा पेन्सिल रेघेवरून उजवीकडे निघाली ती टोक ओलांडून कागदाच्या कडेपर्यंत गेली. मॅडमनी विचारलं, आजोबा, हे काय? तर म्हणाले, "रेघ पुरली नाही."

बी-श्या


चांगह्वा, ३१ मे

रुंग-चांग,

तुझा मेसेज मिळाला. बाबांना चांगल्याशा वृद्धाश्रमात ठेव, खर्चाची काळजी करू नकोस. उंटावरून शेळ्या हाकायला तुला कुणी शिकवावं लागलं नाही. काल ड्रॅगन होड्यांचा सण होता. बांबूच्या पानात चिकट भात बांधताना माझ्या डोक्यात तुला द्यायची उत्तरं तयार होत होती, त्यातली बरीचशी इथं लिहिण्यासारखी नाहीत. ते पुडके मात्र घट्ट बांधले गेले, बाबांना सोडवेनात.

बाबांना आश्रमात ठेवलं तर सपातांकडे बोट कोण दाखवील, याचा विचार तू केलास का? नसणार. तिथं त्यांना दुसऱ्याच्या सपाता दिसतील.

बैठक परवाच झाली. आधीच्याच्या आधीचा आकडा आता त्यांना धरवत नाही. पण हार मानत नाहीत. बटणावर बोट ठेवून ओठ हलवत बसतात. क्वो मॅडमनी विचारलं, मनातल्या मनात काय म्हणता? तर म्हणाले, आकड्यांना स्टेशनांची नावं दिलीत. एक म्हणजे चांगह्वा, दोन म्हणजे ह्वाथान, अशी आपली दक्षिणेकडची लाइन. आकडे विसरतात, स्टेशनं नाही. खुणा पुन्हा उजवीकडे, कडेबाहेर.

घरी आल्यावर भाजी निवडत बसले होते, एकदम म्हणाले, "पोराची वाट बघण्याला रेघ आहे का गं तुमच्याकडं?"

"नाही बाबा. तेवढं अजून कुणी मोजायला सांगितलं नाही."

"काढ."

मी दिनदर्शिकेचं जुनं पान उलटं केलं आणि पट्टीनं रेघ मारली. डावीकडे लिहिलं, काहीच जड नाही. उजवीकडे, फार जड. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "यात चूक-बरोबर काही नाही, तुम्हाला जसं वाटलं तसं." बाबांनी खूण केली. रेघ संपल्यावर, पानाच्या अगदी काठावर. मग पेन्सिल माझ्याकडे दिली. "आता तू."

"मी कशाला?"

"इंजिनात दोघं असतात. दोघांनीही सिग्नल बघायचा असतो."

मी केली. कुठं केली ते तुला सांगणार नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये अंगणातल्या लोंगनला फळ येईल. तुला आवडतं म्हणून बाबा झाडाखाली कुणाला फिरकू देत नाहीत. पाखरांशीसुद्धा भांडतात.

बी-श्या


चांगह्वा, ५ ऑक्टोबर

रुंग-चांग,

काल चंद्राच्या सणाला तू फोन केलास. केलास म्हणून बरं म्हणू की वाईट, मला ठरवता येत नाही. काय झालं ते तुला तिकडून दिसलं नसेल, म्हणून लिहिते.

तू फोन करशील असं मी सांगितल्यापासून बाबा तयारीला लागले होते. तीन गोष्टी बोलायच्या, असं ठरवलं होतं आणि बोटांवर घोकत होते. पहिलं बोट, लोंगनला यंदा भरपूर फळ आलं, तुझ्यासाठी वाळवून ठेवलंय. दुसरं बोट, आईच्या थडग्याची फरशी एका बाजूनं खचली. तिसरं बोट धरून ते नुसतेच ओठ हलवायचे, मला ऐकू देत नव्हते. मी पपनस सोलत होते. ते फोनकडे बोट दाखवत होते. "फोन, चार्ज. आवाज, मोठा."

मग तुझा फोन आला. तू किती भराभर बोलतोस, तुला कल्पना नाही. जेवलात का, गोळ्या घेता का, थंडी पडली का तिकडे, बी-श्या काय म्हणते, इथं तपासणी आहे, सुट्टी मिळत नाही, नवीन मशीन आलं आहे. एकामागून एक, पडद्यावरच्या आकड्यांसारखं. मी समोर बसून बघत होते. कपाळावर तोच घाम. धरलेलं एक बोट सुटलं. मग दुसरं. तिसरं त्यांनी दुसऱ्या हाताच्या मुठीत घट्ट पकडलं होतं. बारा-तेरा वर्षं मी अनोळखी माणसांसमोर गप्प बसायचं काम करते. काल गप्प बसायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी बसले. मी 'थांब, बाबांना बोलू दे' एवढं म्हणायला हवं होतं.

ते फक्त 'बरं, बरं' म्हणत राहिले. तुझ्यामागं कुणीतरी खळखळून हसलं आणि 'पप्पा' म्हणून हाक मारली. आवाज मोठाच केलेला होता, त्यामुळे सगळ्या खोलीला ऐकू आलं. तू म्हणालास, "बाबा, मीटिंग आहे, ठेवतो." सणाच्या दिवशी, जेवणाच्या वेळी.

भांडी घासत होते तेव्हा बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले, तिसरं बोट वर धरून. चेहरा असा खुलला होता.

"बी-श्या, आठवलं. लाव फोन."

मी लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तू उचलला नाहीस. शेवटी तेच म्हणाले, "राहू दे, मीटिंगमध्ये असेल."

"मला सांगा ना बाबा. मी लिहून कळवते."

त्यांनी जरा माझ्याकडे पाहिलं. "त्याला म्हणायचं होतं, पोराला घेऊन ये. बी-श्याला वाईट वाटेल म्हणून आणत नसशील तर बी-श्याचं मी बघतो. ती समजूतदार आहे."

माझ्या हातात ओली ताटली होती, ती मी परत पाण्यात ठेवली. विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"मागच्या खेपेला आला तेव्हा बॅगेत छोटे बूट होते. कारखान्याचा नमुना म्हणाला. नमुन्याचे तळवे झिजलेले नसतात." मग म्हणाले, "तुला कळू नये म्हणून मी बॅग बंद करून ठेवली होती."

ती बॅग त्याच्या आधी मी उघडली होती, रुंग-चांग. आणि बाबांना कळू नये म्हणून मी ती बंद केली होती. इतकी वर्षं एका घरात दोन माणसं, अळीमिळी गुपचिळी. ते मला जपत होते आणि मी त्यांना. दोघांनी मिळून जपलं तुला.

तेव्हा आता सरळ लिहिते. मला तुझ्या मुलाचं माहीत आहे. त्याच्या आईचंही आहे. दुखतं. आपल्याला झालं नाही त्याचं जितकं दुखलं त्याहून जास्त दुखतं, आणि ते तुला कधी सांगता येईल असं मला वाटलं नव्हतं. पण ते माझं मी बघेन. तू मुलाला घेऊन ये. तिलाही आणायचं तर आण. मी बहिणीकडे जाऊन राहीन, नाहीतर इथं राहून स्वयंपाक करीन, तू म्हणशील तसं. बाबांना अजून दोन गोष्टी एका वेळी धरता येतात. तू आणि तो, दोघं त्यात मावता. उशीर केलास तर मावणार नाहीत.

वाळवलेलं लोंगन सोबत पाठवते आहे. अर्धं त्याला दे.

बी-श्या


चांगह्वा, २३ डिसेंबर

रुंग-चांग,

लोंगनचं पार्सल पोचल्याची सही कारखान्याच्या फाटकावर कुणीतरी केली आहे. म्हणजे पत्रंही पोचतात. आता ती आशाही गेली.

बाबांची वर्षाची शेवटची बैठक गेल्या आठवड्यात झाली. ते बाहेर आले तेव्हा शर्ट कोरडा होता. चेहरा शांत. मला म्हणाले, "आज छान वाटलं." कागदावरच्या खुणा पाहिल्या तर सगळ्या डावीकडे. मला वाटलं पुन्हा जुन्या सवयीवर गेले. क्वो मॅडमना विचारलं, गाडीवरून उतरवत नाही म्हणून सांगितलं होतं ना? म्हणाल्या, सांगितलं होतं, ते हसले, म्हणाले माहीत आहे. तेव्हा मी खरंच खूश झाले. म्हटलं, चला, बाबांना आता जड जात नाही, काहीतरी सुधारलं.

मॅडमनी मला खुर्चीवर बसवलं आणि चहा दिला. त्या माझ्याहून लहान आहेत, पण त्या दिवशी मोठ्या वाटल्या.

"बी-श्याताई, त्यांनी बटण जवळजवळ दाबलंच नाही. पडद्याकडे बघत बसले होते, लोक खिडकीतून बाहेर बघतात तसे."

"पण खुणा..."

"काम अवघड होत जातं तशी खूण उजवीकडे सरकते. एका हद्दीपर्यंत. त्यापुढं माणूस धरणंच सोडून देतो. मग खूण परत डावीकडे येते. सोपं गेलं आणि सोडून दिलं, कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. ओझं खाली ठेवलं की कुणालाही हलकंच वाटतं." मग कप माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "इतकी वर्षं तुम्ही हे कागद भरून घेताय, तुम्हाला हे मी सांगायला नको होतं."

खरं आहे. शेकडो लोकांच्या कागदांवर मी ते बघितलं होतं. बाबांच्या कागदावर मला दिसलं नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या मागं मागं फिरले. "गॅस, बंद. मागचं दार, कडी लावली. थोरल्या बाईंचा दिवा, चालू." आणि वळून सरळ खोलीकडे निघाले. किती दिवस असं चाललं होतं देव जाणे, मी भाजी चिरता चिरता अर्ध्या कानानं ऐकत असते.

"बाबा, आणि हे?" मी मांडणीकडे बोट दाखवलं.

ते आले, वाकून पाहिलं. "सपाता," म्हणाले. "पुरुषाच्या."

"कुणाच्या बाबा?"

मला बरं वाटावं म्हणून त्यांनी खूप प्रयत्न केला, ते दिसत होतं. मग अगदी अदबीनं म्हणाले, "पाहुण्यांच्या असतील."

काल पानाची दुसरी बाजू घेऊन मी पुन्हा रेघ काढली. कशाला काढली, हात दाखवून अवलक्षण, पण काढली. म्हटलं, "रुंग-चांगची वाट बघणं किती जड आहे, खूण करा." त्यांनी तुझं नाव तोंडात घोळवून पाहिलं, जसं ओळखीचं स्टेशन मागं पडल्यावर आपण पाटी वाचायला मान वळवतो. मग डाव्या टोकाला नीट, सरळ खूण केली आणि पेन्सिल मला दिली. "काही जड नाही," म्हणाले. "आता तू."

चुलीवर तांदळाच्या पिठाचे गोळे उकळत होते, वर्षातली सगळ्यात मोठी रात्र म्हणून करायचे ते. मी चुलीशी जाऊन रडले. आवाज न करता रडता येतं मला, पण काल नाही आलं. बाबा दारापर्यंत आले आणि विचारलं, "बाई, तुमचं कुणी गेलं का?" मला त्यांनी आजवर कधी 'बाई' म्हटलं नव्हतं.

मे महिन्यात माझी खूण कुठं होती ते आता सांगते. बाबांच्या खुणेला लागून, रेघेबाहेर, पानाच्या काठावर. कालही तिथंच केली. माझ्याशी तू जसा वागलास त्यानंतर ती तिथं असायला नको होती, माझी बहीण तर मला वेडी म्हणते. पण जसं वाटलं तसं.

बाबांसाठी आता उशीर झाला. मुलाला बघून त्यांना आनंद होईल, पण तो कुणाचं तरी गोड मूल बघून होतो तेवढाच. तरीही ये. नव्या वर्षाला ये. या वेळी मी माझ्यासाठी मागते आहे, आणि हे मी तुझ्याकडे कधीच मागितलं नव्हतं. माझी खूण उजवीकडे आहे तोवर ये.

बी-श्या


चांगह्वा, १५ फेब्रुवारी, वर्षाची शेवटची संध्याकाळ

रुंग-चांग,

दुपारी तुझा मेसेज आला. यंदा जमत नाही, पुढच्या वर्षी नक्की, बाबांची काळजी घे. मी वाचला. तुझ्याकडे 'वाचलं' असं उमटलं असेल.

बाबांनी वाट्या मांडल्या नाहीत, म्हणून मी मांडल्या. तीन. मासा सबंध केला होता, कोबीचं सूप, मुळ्याचा केक, आणि तुला आवडतं तसं डुकराचं मांस सोयाबीनच्या रश्श्यात. बाबा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून येऊन बसले. आज चांगला दिवस होता. मला नावानं हाक मारली.

जेवायच्या आधी त्यांनी टेबलाची फेरी केली.

"मासा, ताजा. सूप, गरम. वाटी, बी-श्याची. वाटी, माझी." मग बोट तिसऱ्या वाटीवर आलं आणि तिथं थांबलं. बराच वेळ थांबलं. मी मनात म्हणत होते, आता म्हणतील, आता म्हणतील.

"वाटी, रिकामी," ते म्हणाले.

"बाबा, ती..."

"रिकामी गाडी फलाटावर उभी ठेवायची नसते, पोरी." नव्या चालकाला समजावतात तसं, न रागावता. "मागच्या गाडीचा खोळंबा होतो. काढ ती."

मी उठले, वाटी उचलली, चॉपस्टिक्स उचलल्या आणि कपाटात ठेवून आले. बाबांनी माशाचा मधला तुकडा काढला, इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्या वाटीत घातला. लग्न होऊन या घरात आल्यापासून तो तुकडा गरम असताना मी कधी खाल्ला नव्हता. आज खाल्ला. चांगला झाला होता.

नंतर ताटं आवरताना माझ्या लक्षात आलं. ती वाटी उचलताना हात कापतील असं मला वर्षभर वाटत होतं. ते कापले नाहीत. वाटीचं मला काहीच वजन लागलं नाही, रुंग-चांग. या गोष्टीचा अर्थ काय होतो ते मागच्या पत्रात लिहिलं आहे. ते पुन्हा एकदा वाच.

बी-श्या